मास्तरांचा डावा खांदा

सुट्ट्यांचा हंगाम आला की टेलरमास्तरांना तहानभुकेची शुद्ध राहत नसे. वर्षभर ज्यांना साधं बटण लावून घ्यायलाही सवड नसते, त्या सगळ्यांना एकाच आठवड्यात नवा कोट हवा असतो. मास्तर पडले भिडस्त. येईल त्याला "परवा या" म्हणायचे, आणि परवा उजाडला की मशीनवर वाकून बसायचे ते उठायचं नाव नाही. डावं कोपर टेबलाच्या कडेला रोवलेलं, मान खाली, पाठीचं धनुष्य. चहासुद्धा तिथेच, तोही निवल्यावर.

यंदा मात्र नवीच भानगड उपटली. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर व्हायला लागली. आधी नुसती सकाळची, मग दिवसभर. कापड हातात आहे की निसटलं, हे डोळ्यांनी बघावं लागायचं. बायकोने अक्षरशः ओढत फिजिओथेरपिस्टकडे नेलं. ती वयाने त्यांच्या लेकीएवढी, पण बोलायला सडेतोड. मानेतून हाताकडे जाणारी नस दबतेय, म्हणाली. थोड्या थोड्या वेळाने उठायचं, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, खांदे मागे फिरवायचे, दुकानातल्या दुकानात येरझाऱ्या घालायच्या.

"आणि हे आजपासून, काका. नस फार दिवस दबलेली राहिली तर बोटांतला जोर परत येईलच असं नाही."

मास्तर घाबरले. शिंप्याचा उजवा हात कात्री चालवतो खरा, पण कापड ताब्यात ठेवतो तो डावाच. तो गेला की दुकानाला कुलूप. पण परत येऊन बघतात तर गिऱ्हाइकं ताटकळत उभी, आणि घाबरणं पुढच्या महिन्यावर गेलं.

"सीझन संपू दे गं," ते बायकोला म्हणाले. "मी भिंतीला टेकून उभा राहिलो तर कोट काय भिंत शिवणार आहे?"

एवढं मात्र झालं, की कापायचं काम बायकोने स्वतःकडे घेतलं. ती मास्तरांच्याच हाताखाली शिकलेली, हात अगदी नेमका. त्या आठवड्यात तिने मास्तरांच्या धाकट्या भावाचा कोट कापला. धाकटा परगावी असायचा. सुट्टीत येणार होता, आणि आल्या दिवशीच संध्याकाळी त्याच्या जुन्या ऑफिसात त्याचा सत्कार होता. त्याचं माप दुकानात होतंच. ट्रायलला तो नव्हता, पण त्याचंही काही अडत नव्हतं. दोघा भावांचं माप तरुणपणापासून एकच. एकाचा शर्ट दुसऱ्याने पळवायचा आणि आईने दोघांनाही बदडायचं, असं सगळं बालपण गेलेलं.

कोट तयार झाला, मास्तरांनी अंगात घातला, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. डावी बाजू साफ लोंबत होती. खांद्याखाली चुणी, बाही तळहातापर्यंत आलेली.

"कापताना लक्ष कुठे होतं तुझं?" दुकानात गिऱ्हाइकं होती, तरी त्यांनी आवाज खाली केला नाही.

"बरोबर कापलंय मी."

"मग काय माझं अंग चुकलंय?"

बायकोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, गिऱ्हाइकांकडे बघितलं आणि मिटलं. मास्तरांनी डावा खांदा उसवला. आत जास्तीचं पॅड भरलं, बाही आत दुमडून आखूड केली, आणि सगळी दुपार जागचे न हलता तो कोट आपल्या अंगाला बेतून घेतला. उठले तेव्हा मधल्या बोटालाही मुंग्या आल्या होत्या. त्यांनी हात झटकला आणि पुढचं काम ओढलं.

धाकटा आला तो थेट दुकानातच. कोट चढवून आरशासमोर उभा राहिला. डाव्या खांद्यावर टेंगूळ आलेलं, डावं मनगट उघडं.

"दादा, हा नक्की माझाच ना? की कुणाचा तरी राहिलेला माझ्या गळ्यात मारतोयस?"

मास्तरांना काही सुधरेना. सत्काराला फार वेळ उरला नव्हता. त्यांनी खुंटीवरचा स्वतःचा कोट काढून धाकट्याला दिला. हा त्यांच्या अंगावर कसा झोकात बसायचा, ते बघून लोक तसाच शिवायला टाकायचे. पण धाकट्याने तो घातला, तर त्यातही तेच. डावा खांदा वर.

मास्तरांनी तो खांदा चिमटीत धरून बघितला. आत पॅडावर पॅड. उजवीकडे मात्र एकच, पातळसं. त्यांचे स्वतःचे कपडे बायको शिवायची. स्वतःचं माप काही स्वतःला घेता येत नाही.

"हे तू भरलंस?"

"हो," बायको म्हणाली.

"कधीपासून?"

"झाली की बरीच वर्षं. तुमचा खांदा उतरायला लागला तेव्हापासून. दर कोटाला थोडं जास्त."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले होते. सीझन संपू दे म्हणालात." तिने हातातलं काम खाली ठेवलं. "मग म्हटलं, आरशात तरी माणूस सरळ दिसू दे. कोट अंगात घातला की खूश व्हायचात तुम्ही. मलाही बरं वाटायचं. चुकलंच माझं. मी खांदा झाकत बसले आणि आता हात जायची वेळ आली." तिचे डोळे भरून आले होते. धाकट्याने दादाचा कोट अंगातून काढून ठेवला.

मास्तरांना आधी राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. मग चार लोकांत आपण हिला काय बोललो ते आठवलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू कापला होतास तसाच कर त्याचा कोट," ते म्हणाले. "तुझंच बरोबर होतं."

ती लगेच धाकट्याचा कोट उसवायला बसली. मास्तरांनी आपला कोट घेतला आणि खांद्याची शिवण उलगडू लागले. डाव्या हातातून कापड सारखं सुटत होतं. शेवटी धाकट्याने ते धरलं, तेव्हा कुठे पॅड निघालं. कोट तसाच अंगात घालून ते आरशासमोर गेले. समोर एका बाजूला कललेला म्हातारा होता. हा माणूस त्यांनी कधी बघितला नव्हता.

तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक आलं. "मास्तर, झाला का माझा कोट? आज म्हणाला होतात."

"नाही झाला. आज होणारही नाही. बसा हवं तर."

ते भिंतीपाशी गेले आणि तिला पाठ लावून उभे राहिले. उजवा खांदा टेकला. डावा पुढेच राहिला, काही केल्या मागे जाईना. बायको उठून आली. तिने त्यांच्या डाव्या खांद्यावर तळवा ठेवला.

"जोर लावू नकोस गं, दुखतंय."

"जोर कुठे लावतेय? नुसता हात ठेवलाय."

गिऱ्हाईक दोघांकडे बघत उभं होतं. मास्तरांनी डोळे मिटून श्वास सोडला.

"टेकला का?"

"नाही अजून," ती म्हणाली.