उसवलेल्या चाळीस कॉलरी

सुपरवायझरचं मत पक्कं होतं. कॉलर शिवणाऱ्या बायका म्हणजे एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. सहा वर्षं तो त्यांच्या रांगेमागून येरझाऱ्या घालत होता, पण नऊजणींतल्या एकीचा चेहरा त्याला धड आठवला असता तर शपथ. त्यामुळे चाळीस शर्ट कॉलर उसवून परत आले, तेव्हा त्याने फार डोकं चालवलं नाही. "उद्यापासून ही रांगच बंद. सगळ्या सारख्याच कामचुकार."

नऊ घरांच्या पोटाचा प्रश्न होता. सगळ्यांत जुन्या काकू उठल्या. "साहेब, ह्यांत चांगल्या कॉलरी मिसळा. कोणती कोणाची ते मी सांगते. चूक एकीची असेल तर एकीलाच काढा."

"मशीनची शिवण ती, काकू. तिला कसली आलीय ओळख?"

"बघा तर खरं."

त्याने हो म्हटलं आणि मुद्दाम शंभर चांगल्या कॉलरी कालवल्या. त्यांच्या आत शिवणारीच्या नंबराची चिठ्ठी होती; उसवलेल्यांतल्या चिठ्ठ्या केव्हाच गळून गेल्या होत्या. काकूंनी डोळे मिटले नि शिवणीवरून बोट फिरवलं. "ही थोरलीची. टोक आलं की दचकते. ही नवीची, शेवटचा टाका दोनदा मारते, बिचारीचा स्वतःवर भरवसाच नाही. ही हसरीची, गप्पा रंगल्या की शिवण पळते." सुपरवायझर चिठ्ठ्या बघत होता. शंभरात एक चुकली नाही.

उसवलेल्या चाळीसही काकूंनी एकाच ढिगात टाकल्या. "ह्या माझ्या. डोळ्यांनी दगा दिलाय, काठ दिसत नाही. पहिली हाताला लागली तेव्हाच कळलं."

"काहीतरीच. माझ्या आहेत त्या," हसरी म्हणाली.

"माझ्यापण," थोरली म्हणाली. मग सगळ्याच उभ्या राहिल्या. आठही जणी खोटं बोलत होत्या, हे त्याला कळत होतं. पण एक खाली बघून बोलत होती, एक पदराशी चाळा करत, एक थेट त्याच्या डोळ्यांत बघून. इतक्या वेगळ्या बायका इतकी वर्षं आपल्या नाकासमोर बसल्या होत्या, ह्याचं त्याला भयंकर नवल वाटलं.

"गप्प बसा गं," काकू म्हणाल्या. "जन्मभर शिवलंय. माझी शिवण माझीच राहू द्या." त्यांनी मशीनवर कापड घातलं नि पिशवी उचलली.

त्या दारातून दिसेनाशा होईपर्यंत तो उभाच होता.

मागे मशीनं सुरू झाली. एरवी त्याला नुसती घरघर ऐकू यायची. आज आठ आवाज वेगवेगळे ऐकू आले, आणि नववा नव्हता तेही.