काका, तुमचा आवाज बंद आहे

माणसं जवळ यायला हवी असतील तर आधी त्यांच्यात योग्य अंतर पाहिजे, असं समुपदेशक बाई म्हणत. या कुटुंबात ते आठ पावलांचं होतं. आई स्वयंपाकघरात, बाबा बाहेरच्या खोलीत, मधे एक भिंत. छोटी, वय वर्षं अठ्ठावीस, आतल्या खोलीत. तिघं तीन पडद्यांवर, आणि बाई त्यांच्या ऑफिसातून चौथ्यावर.

घरातला पसारा दिसू नये म्हणून छोटीने सगळ्यांच्या पाठीमागे चित्रं लावून दिली होती. बाबांच्या मागे समुद्र, आईच्या मागे धुक्यातलं जंगल, स्वतःच्या मागे चांदणं. बाबा जरा हलले की त्यांचा कान लाटेत विरघळून जाई.

"कान गेला बघ त्यांचा," आई म्हणाली.

"आई, तो कॅमेऱ्याचा दोष आहे."

"कॅमेऱ्याने आत्ता नेला. मी तीस वर्षं शोधतेय."

तीन महिन्यांपूर्वी आई चार दिवस बहिणीकडे गेली, तेव्हा बाबांनी तिचं शिवणाचं मशीन भंगारात दिलं. व्यायामाच्या सायकलला जागा हवी होती. सायकलवर आता टॉवेल वाळतो. तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलत नाही, जे काय ते छोटीमार्फत. "बाबांना सांग, नळ चालू राहिलाय." बाबा नळाशेजारीच उभे. छोटीला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती आणि होकार आजच्या आज कळवायचा होता. पण ती गेली तर नळ कोण बंद करणार?

बाईंचा नियम होता, एकाने बोलायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवायचा.

"काका, त्या मशीनबद्दल आज काय वाटतं तुम्हाला?"

बाबांचे ओठ हलू लागले. बराच वेळ हलत राहिले. मागे लाटा येत होत्या, जात होत्या. आवाज कशालाच नव्हता. माशाने काही सांगावं आणि पाण्याने ते आतल्या आत ठेवून घ्यावं, तसं.

"काका, तुमचा आवाज बंद आहे."

बाईंना बंद होता. भिंतीला नव्हता. बरण्यांच्या फळीमागून एकेक शब्द आईच्या जंगलात उतरत होता, कुणी मागच्या जन्मातून बोलत असल्यासारखा. "...मशीनच्या खणात तिची कात्री होती. ती नाही दिली मी. मोज्यांच्या कप्प्यात आहे. रोज द्यायची म्हणतो, धीर होत नाही. चुकलंच माझं."

बाबांना बटण सापडलं.

"हं, आता येतोय आवाज. काका, परत सांगता?"

बाबांनी घसा खाकरला. "काही विशेष नाही."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. तेवढ्यात आईचं जंगल रिकामं झालं. उरलं नुसतं धुकं. आणि थोड्या वेळाने बाबांच्या समुद्रातून एक हात वर आला, मनगटापुरता, चहाचा कप धरलेला. कॉम्प्युटरला एका खोलीत एकच माणूस ओळखता येत होता. बाकीची आई त्याने लाटांना देऊन टाकली होती.

"अहो," समुद्र म्हणाला, "आधी कात्री द्या."

"काका, कोणी आलंय का तिकडे?"

"घरचंच आहे," बाबा म्हणाले आणि किनारा सोडून उठले.

समुद्र रिकामा, जंगल रिकामं. चांदण्यात एकटी छोटी एका बोटाने होकार पाठवत होती.

बाईंनी त्या दिवसाची नोंद पुरी केली. वडील : बोलत नाहीत. आई : मधेच उठून गेल्या. प्रगती : नाही.