हाऊसफुल्लची पाटी

सांस्कृतिक खात्याचा माणूस पाहणीला येणार हे कळल्यापासून ताई गोंधळल्या होत्या. पाहणी नेमकी कशाची, हेच त्यांना समजत नव्हतं. नाट्यगृह त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, एका चिंचोळ्या गल्लीच्या टोकाला. एका कोपऱ्यात छत गळायचं, खुर्च्या कुरकुरायच्या, पण दर शुक्रवारी संध्याकाळी पडदा वर जायचाच. चालायचं सगळं खात्याच्या अनुदानावर. अनुदान बंद म्हणजे नाट्यगृह बंद, एवढं मात्र ताईंना लख्ख कळत होतं. बाकीचं डोक्यावरून जात होतं.

पूर्वी बरं होतं. खात्याचे लोक यायचे, पहिल्या रांगेत बसायचे, एखादी डुलकी काढायचे आणि "छान, छान" म्हणून निघून जायचे. आता म्हणे नवी पद्धत आली होती. कलेमुळे आसपासच्या धंद्याला काय फायदा होतो, ते बघून अनुदानाचं ठरणार होतं. जावई बँकेत होता, म्हणून ताईंनी त्यालाच विचारलं.

"सोपं आहे, आई," तो म्हणाला. "तुमच्या नाटकाला बाहेरून माणसं येतात. ती इथे चहा पितात. त्या पैशातून चहावाला दाढी करून घेतो. न्हावी त्यातून सदरा शिवून घेतो. म्हणजे खात्यानं दिलेला पैसा किती हातांतून फिरला, ते बघायचं."

"अहो जावईबापू, पैसा म्हणजे काय भोवरा आहे, फिरत बसायला? आणि नाटकाचं काय?"

"नाटकाचं काय?"

"ते चांगलं झालं की वाईट, हे कोण बघणार?"

जावयानं डोकं खाजवलं. "ते कुणी बघत नसावं बहुतेक," तो म्हणाला. आता बँकेतल्या माणसालाच जिथे बहुतेक म्हणावं लागतं, तिथे ताईंनी काय करावं? त्यांनी त्याला जेवायला वाढलं आणि विषय मिटवला.

पण मनातून विषय मिटेना. शेवटी ताई उठल्या आणि दुकानादुकानांतून फिरल्या. चहावाला, न्हावी, शिंपी, फुलवाली, सगळ्यांना त्यांनी एकच सांगितलं. "शुक्रवारी खात्याचे साहेब येतायत. गल्ली आपल्या पाठीशी आहे, हे त्यांना दिसलं पाहिजे. नाहीतर आपलं नाट्यगृह गेलंच म्हणून समजा."

झालं. गल्लीला एवढं पुरलं. या गल्लीची एक जुनी रीत होती. कुणाकडे लग्न असो की कुणी गेलेलं असो, आपण पाठीशी आहोत हे दाखवायचं तर सगळ्यांनी शटर ओढायचं आणि त्या दारात जाऊन उभं राहायचं. यांना दुसरी भाषाच येत नव्हती. ताईही त्याच गल्लीत लहानाच्या मोठ्या झालेल्या, पण त्यांच्याही हे डोक्यात आलं नाही. जी हवा आपण रोज खातो ती दिसते कुणाला?

शुक्रवारी पडदा वर जायच्या आधी सगळी गल्ली आत आली. चहावाला बायको आणि सासूला घेऊन आला. न्हाव्याच्या खांद्यावर टॉवेल तसाच होता. फुलवालीनं उरलेली सगळी फुलं रंगमंचाच्या कडेला आणून ओतली. शिंपी गळ्यात टेप घेऊन मधल्या रांगेत बसला. इतकी वर्षं नाट्यगृहाच्या सावलीत धंदा केला, पण यांच्यातल्या एकानंही कधी नाटक पाहिलेलं नव्हतं. कसं पाहणार? नाटकाची वेळ तीच गिऱ्हाइकाची वेळ.

"अहो, ती हाऊसफुल्लची पाटी कुठंय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. ती पाटी त्यांच्या वडिलांनी हौसेनं रंगवून घेतली होती आणि लावायची वेळ कधीच आली नव्हती. नवरा दिवे सांभाळायचा. त्यानं सगळीकडे शोधलं, जिन्याखाली पाहिलं, पण पाटी काही सापडली नाही. साहेबांसाठी उशी घालून ठेवलेली खुर्ची तेवढी रिकामी राहिली. साहेब का आले नाहीत, ते ताईंना कळेना.

नाटक म्हाताऱ्या नवराबायकोचं होतं. म्हातारा बायकोचा चष्मा लपवतो. तिला वाटतं हरवला, मग ती रोज त्यालाच म्हणते, जरा वाचून दाखवा हो. एवढ्यासाठीच त्यानं तो लपवलेला असतो. चष्मा असतो त्याच्या कोटात, आतून, पाठीला शिवलेल्या खिशात. तो कोट शिंप्यानंच शिवला होता. पाठीला आतून खिसा कोणता शहाणा मागतो, म्हणून त्यानं तेव्हा गल्लीभर चेष्टा केली होती. म्हाताऱ्यानं पाठीमागे हात घालून हळूच चष्मा चाचपला, तेव्हा अंधारात शिंप्याचा आवाज आला, "अच्छा, यासाठी होय." सगळे हसले, आणि मग शेवटी जेव्हा म्हातारी तोच कोट झटकायला घेते, तेव्हा कुणीच हसलं नाही.

ताई डोळे पुसत बाहेर आल्या, तर शिंप्याच्या पायरीवर एक माणूस बसलेला. हातात मोजणीचं छोटं यंत्र, अंगठ्यानं दाबलं की टिकटिक वाजणारं. गल्ली सामसूम. सगळी शटरं खाली.

"आपण खात्याचे? मग आत का नाही आलात?"

"आतलं माझ्याकडे नाही, बाई. माझ्याकडे गल्ली आहे," तो म्हणाला. माणूस उर्मट नव्हता, दमलेला होता. "दोन तास बसलोय. साधा चहा मिळाला नाही. तुमचा खेळ असला की इथे असंच असतं का?"

"छे हो. आज सगळे आत होते ना. हाऊसफुल्ल झालं," ताई अभिमानानं म्हणाल्या.

"म्हणजे खेळामुळे दुकानं बंद राहिली."

"हो. म्हणजे नाही. म्हणजे प्रेमानं बंद ठेवली त्यांनी."

"प्रेमाला माझ्याकडे रकाना नाही," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते बोलणं आवडलं नसावं, कारण त्यानं मान खाली घातली. मग त्यानं समजावून सांगितलं. बाहेरचा माणूस नाटकाला आला आणि गल्लीत चार पैसे खर्च करून गेला, तर तो मोजायचा. गल्लीतलाच माणूस आत जाऊन बसला, तर तो मोजायचा नाही, कारण त्याचा पैसा इथलाच. आणि तो दुकान बंद करून आत बसला असेल, तर ते नुकसान धरायचं.

"म्हणजे नाट्यगृह भरलं तर नुकसान आणि अर्धं रिकामं राहिलं तर फायदा?"

"तसं नाही," तो म्हणाला. त्यानं यंत्रावरचा आकडा पाहिला. "पण आजचं तसंच आहे."

ताईंनी कपाळाला हात लावला. मग जे खरं होतं ते सांगून टाकलं, की मीच सगळ्यांना बोलावलं, एरवी इथे शुक्रवारी पाय ठेवायला जागा नसते. तो चांगला माणूस होता. म्हणाला, पुढच्या शुक्रवारी पुन्हा येतो, पण तेव्हा जे दिसेल तेच लिहीन.

आठवडाभर ताई दुकानांतून पुन्हा फिरल्या. या वेळी सांगितलं, काही झालं तरी दुकानं उघडी ठेवा.

"म्हणजे पाठिंबा नको?" चहावाल्यानं विचारलं.

"हवा. पण बाहेरून."

"बाहेरून पाठिंब्यावर काही टिकत नाही, ताई," न्हावी म्हणाला. पण सगळ्यांनी मान डोलावली. नाटकाला येऊ नका, एवढं मात्र ताईंच्या तोंडून निघालं नाही. ज्या माणसांची आपण जन्मभर वाट पाहिली, त्यांना असं कसं सांगायचं? पाटी दरम्यान सापडली होती. शिडीचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली नवऱ्यानंच ती कधीतरी सरकवली होती.

शुक्रवारी गल्ली दिव्यांनी उजळली होती. किटल्यांतून वाफ निघत होती, न्हाव्याकडे माणसं खोळंबली होती, बाहेरगावची मंडळी फुलं घेत होती. साहेबांचा अंगठा टिकटिक चालला होता. नाट्यगृहात नेहमीसारखीच अर्ध्या खुर्च्यांवर माणसं होती. ताई तिकीट खिडकीत बसून सगळं बघत होत्या. सगळं हवं तसंच चाललं होतं, तरी आत काहीतरी टोचत होतं आणि ते काय, ते सापडत नव्हतं.

तेवढ्यात शिंपी खिडकीशी आला. गळ्यात टेप, मुठीत तिकिटाचे पैसे.

"ताई, दुकान उघडंच आहे हं. दिवा लावून आलोय. मागच्या वेळी त्या म्हाताऱ्याचा हात खिशात अडकत होता, म्हणून परवा कोट मागवून घेतला आणि खिसा अर्धं बोट मोठा केला. आता नीट बसतो का, तेवढं एकदा बघतो. शेवटापर्यंत नाही थांबत." मग जरा लाजून म्हणाला, "थांबलो तर थांबलो."

त्याच्या मागे, रस्त्यापलीकडे, न्हावी ॲप्रनच्या गाठी सोडत होता. चहावाल्याची सासू पायरी उतरून खाली उभी होती. एक आत गेला की सगळे जाणार, हे ताईंना दिसत होतं. आणि दिव्याच्या खांबाशी साहेब उभे होते, अंगठा यंत्रावर ठेवून.

ताईंचा हात टेबलाखाली गेला. त्यांनी पाटी काढली आणि खिडकीला टांगली. वडिलांनी निवडलेला लाल रंग अजून तसाच होता.

"जागा नाही हो," त्या म्हणाल्या. "सगळी तिकिटं गेली."

शिंप्यानं पाटी वाचली. मग त्याचा सगळा चेहरा फुलला.

"काय सांगता ताई. बाहेरची माणसं येऊन हाऊसफुल्ल? आमच्याशिवाय?" तो वळला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे, ताईंचं नाटक भरलं रे." न्हाव्यानं ॲप्रन पुन्हा बांधला आणि दोन्ही हात वर करून जोडले. चहावाल्याच्या सासूनं तिथूनच बोटं मोडून ताईंची दृष्ट काढली. साहेब हसले, आणि त्यांनी दोनदा टिकटिक केलं.

"मग त्या म्हाताऱ्याला विचारून ठेवा, खिसा बरोबर झाला का," शिंपी म्हणाला आणि दुकानाकडे परतला. थोड्या वेळानं त्याचं मशीन चालू झालं.

न विकलेल्या तिकिटांचा गठ्ठा ताईंनी ड्रॉवरमध्ये सारला. मग त्या आत जाऊन मधल्या रांगेत, शिंप्याच्या खुर्चीवर बसल्या. दोन्हीकडे रिकाम्या खुर्च्या होत्या. रंगमंचावर म्हाताऱ्यानं पाठीमागे हात घातला, आणि तो अडखळला नाही, सरळ आत गेला.