पंखा थांबला तेव्हा

शांतम्मा कुठल्याही खोलीत शिरली की आधी वर छताकडे बघते. पाहुण्यांच्या घरी, दवाखान्यात, मठातसुद्धा. लोकांना वाटतं, बाई देवाचं नाव घेतेय. नाव ती घेतेच. पण वर साठून बसलेलं काहीतरी तिला शोधायचं असतं. त्याला ना रंग, ना वास. दिसणार कसं?

तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीला तिचा नवरा गुरुबसप्पा चिंचोळीतल्या एका कारखान्यात, बॅटऱ्यांच्या खोलीत पूजेला गेला तो परत आला नाही. बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हलका म्हणून छताला जाऊन बसतो, पंखा बंद असला तर साठत जातो, मग एक ठिणगी पुरते, हे तिला पुढं कळलं. स्फोटाच्या चौकशीत वायरीतून ठिणगी उडाली असं ठरलं, आणि वायरमन धोंडिरामची नोकरी गेली. शांतम्मा गप्प राहिली. त्या सकाळी डब्याच्या पिशवीत कापूर, वात आणि काडेपेटी तिनंच घातली होती. "दिव्याशिवाय कसली पूजा?" असं वर म्हणालीही होती.

रोज पहाटे तळहातावर इष्टलिंग घेऊन बसते, तेव्हा त्याला तेवढं सांगते. माणसात कुणाला नाही.

आता ती शहरातल्या एका पतसंस्थेच्या डेटा सेंटरमध्ये झाडलोट करते. आज खंडेनवमी. सकाळी अडीच तास लाइट नव्हती. लाइट आल्यापासून उतरलेल्या बॅटऱ्या जोरात चार्ज होत होत्या. शांतम्मा बोळ पुसत होती, आणि बॅटरी रूमच्या पंख्याची घरघर एकदम थांबली.

त्या शांततेत, अगदी कानाशी, गुरुबसप्पा म्हणाला, "शांते, काडेपेटी दे की."

दर खंडेनवमीला तो एवढंच मागतो. तिनं मागं वळून पाहिलं नाही. वळलं की कुणी नसतं, आणि ते जास्त वाईट.

दार उघडं होतं. आत बॅटऱ्यांना झेंडूच्या माळा, पुढं रांगोळी. नवी इंजिनिअर शिवानी समईत तेल घालत होती. मॅनेजर मृत्युंजय साहेब डोक्याला रुमाल बांधून उभे. शांतम्माची नजर वर गेली. छतावरच्या गॅसच्या अलार्मला प्लास्टिकची पिशवी बांधली होती.

"पंखा का बंद केला?" तिनं विचारलं. आवाज अगदी हळू आला.

"या अक्का! वात टिकंना हो वाऱ्यानं," शिवानी म्हणाली. "दोनच मिनिटं."

"आन् ती पिशवी?"

"गेल्या साली उदबत्तीच्या धुरानं कोकलत बसला होता," साहेब हसले. "आरती आम्हालाच ऐकू येईना, देवाला काय येणार!"

"काडी नका लावू, बाई."

"का हो?"

का, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. शिवानीनं काडी बाहेर काढली.

"दे की," कानाशी पुन्हा.

शांतम्मानं झडप घालून काडी, पेटी दोन्ही हिसकावल्या. समई लवंडली, रांगोळीवर तेल पसरलं.

"भायेर व्हा! सगळी भायेर!" असा आवाज आपल्या गळ्यात आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

"पूजेत असं करतं का कुणी?" साहेब चिडले. "थांबा, तुमची भीतीच घालवतो." त्यांनी स्टुलावर चढून पिशवी ओढली. हात खाली यायच्या आत अलार्म किंचाळायला लागला.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. तिघं बाहेर आली. शिवानीनं बोळातल्या बटणानं पंखा लावला आणि सगळ्यांना अंगणात नेलं. वीस मिनिटं झाली तरी अलार्म थांबेना.

"अक्का, तुमाला कसं कळलं?" साहेबांनी विचारलं.

शांतम्मा पायरीवर बसली. मूठ उघडत नव्हती.

"ह्यांना मीच दिली हुती," ती म्हणाली. "काडेपेटी. असल्याच खोलीत दिवा लावा म्हून. ते परत आलेच न्हाईत."

शिवानी तिच्याशेजारी टेकली. साहेबांनी रुमाल सोडून हातात धरला. म्हणाले, "हे वर कळवावं लागंल, अक्का. आमची चूकबी."

"कळवा की," शांतम्मा म्हणाली. "आन् चिंचोळीच्या त्या कारखान्यालाबी एक पत्र लिवून द्या मला. माझा अंगठा नको, मी सही करती. वायरीत कायबी नव्हतं म्हणावं. धोंडिरामचं नाव काढा त्यातनं."