खालून हाक मारायची नाही

यीमला नवरा कानांनी दिसायचा. चुलाणावर ताडाचा रस आटत असायचा, डोळ्यांत धूर जायचा, मान वर करायची सोय नसायची. पण सारौनच्या कमरेला लटकणाऱ्या, रस धरायच्या बांबूच्या नळ्या एकमेकींवर वाजल्या, की तो कुठल्या झाडावर आहे, चढतोय की उतरतोय, हे ती बिनचूक सांगायची. बावीस झाडं आणि रोज दोन खेपा. तीस वर्षांत कान तयार झाले होते.

गेले चार दिवस मात्र तिचे कान सारखे टवकारलेले होते. चार दिवसांपूर्वी सारौन सकाळी चटईवरून उठला आणि घराचा खांब धरून उभाच राहिला. खांब काही सोडेना. काय झालं विचारलं तर म्हणाला, "पोटात काही नाही ना, म्हणून." मग वाडगाभर भात आणि सुकी मासळी खाऊन तो झाडावर गेला. दुसऱ्या दिवशी भात खाल्ल्यावरही त्याने खांब धरलाच. तेव्हापासून यीमच्या जिवात जीव नव्हता.

"आज राहू द्या," ती सकाळी म्हणाली होती.

"आणि फुलांच्या पोया सुकू देऊ? रोज छेद दिला नाही तर रस आटतो, हे तुला मी सांगायचं?"

"मला ठाऊक आहे. तुमच्या त्या खांबालाही बरंच काही ठाऊक आहे."

"तुझ्या जिभेला धार लावायला दगडसुद्धा लागत नाही बघ," असं म्हणत तो हसत निघून गेला.

आता उन्हं चांगली वर आली होती. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली लेक, स्रेमोम, पोटावर हात ठेवून शेजारच्या बाकावर बसली होती. तिला आठवा लागला होता.

"आई, ढवळतेस पाक आणि ध्यान तुझं आभाळात."

"गप. ऐकू दे."

नळ्या जोडताडावर चढत होत्या. ही दोन झाडं इतकी जवळ होती, की सारौनने वर शेंड्याशी आडवा बांबू बांधून टाकला होता. एकावर चढायचं, त्या बांबूवरून चालत दुसऱ्यावर जायचं आणि तिकडून उतरायचं. टक, टक, टक असा आवाज वर गेला आणि थांबला. पोय छेदायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. नळी बदलायला लागतो तेवढाही गेला. नळ्या वाजल्या नाहीत.

"बाबा गप्प का झाले गं?" स्रेमोमने विचारलं.

"वारा उलटा असेल."

वारा नव्हताच. चुलाणाचा धूर सरळ वर जात होता.

हाक मारली असती तर एका क्षणात कळलं असतं. पण ताडावरच्या माणसाला खालून हाक मारायची नाही, हे तिथल्या प्रत्येक घरात पोरांना बोलता येऊ लागताच शिकवतात. यीमला ते जरा उशिरा कळलं होतं. सात वर्षांची असताना ती झाडाखाली धावत गेली होती आणि ओरडली होती, "बा, भात झाला!" बापाने खाली पाहिलं आणि त्याचा पाय सुटला. नंतर सगळे म्हणाले, बांबू कुजला होता. यीमला कुणी एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्यामुळेच तो दोष तिला आयुष्यभर पुरला.

तिने लाकडी पळी लेकीच्या हातात दिली. "ढवळत राहा. तळाला लागू देऊ नकोस."

"तू कुठे चाललीस?"

"आलेच."

ती धावली नाही. धावणारी पावलं वर ऐकू गेली तर तो दचकेल, असं तिला वाटलं. जोडताडापाशी आल्यावर तिने आधी जमीन पाहिली. जमिनीवर वाळक्या झावळ्या होत्या, दुसरं काही नव्हतं. मग तिने मान वर केली. सारौन शेंड्यात होता. एक पाय आडव्या बांबूवर, एक पाय झावळीच्या बेचक्यात, खोडाला दोन्ही हातांची मिठी आणि गाल झावळीच्या देठाला चिकटलेला. तो हलत नव्हता.

जवळचं घर शेतापलीकडे होतं. तिथवर ओरडायचं म्हणजे त्यालाही ऐकू जाणार. यीमने सारोंगाचा काष्टा मारला आणि खोडाला बांधलेल्या शिडीच्या बांबूवर पाय ठेवला. बांबूच्या फांद्या छाटून राखलेले खुंट हीच शिडी, तळव्याच्या मधोमध रुतणारी. गावात कुठलीच बाई ताडावर चढत नसे. ती डोळ्यांसमोरच्या खोडाकडे बघत, एकेक खुंट चाचपत वर गेली. अर्ध्यावर झाड डोलतंय हे तिला कळलं. दर खुंटाला वाटायचं, आता त्याचे हात सुटतील आणि तो माझ्यावरून खाली जाईल.

वर पोचल्यावर ती कुजबुजली, "अहो, मी आहे."

त्याने डोळे उघडले नाहीत. "तू? वर?"

"हो."

"झाड फिरतंय गं, यीम. मला उतरता येईना."

हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. त्याच्या गळ्यातला चौकड्यांचा गमछा सोडून तिने त्याला झावळीच्या देठाशी बांधलं. बांधताना नजर खाली गेली. चुलाण वाटीएवढं दिसलं, स्रेमोम बोटाएवढी. यीमचे हात खुंटावर गच्च आवळले गेले, सोडू म्हटलं तरी सुटेनात.

"अहो," ती म्हणाली, "मलापण उतरता येईना."

सारौनने एक डोळा उघडला.

"कुणी सांगितलं होतं तुला चढायला? डोळे मीट. डावा पाय खाली सोड. खुंट आहे तिथे. लागला?"

"लागला."

"आता उजवा. घाई नको."

त्याने गमछा सोडला आणि तिच्या मागोमाग तो उतरू लागला. दोनदा नळ्यांचा आवाज थांबला. दोन्ही वेळा तीही थांबली, दात आवळून, नळ्या पुन्हा वाजेपर्यंत.

खाली आल्यावर दोघंही बुंध्याशी मटकन बसली. करपल्याचा वास आला. "आई, लागला गं पाक!" स्रेमोम ओरडत होती. यीम जागची हलली नाही.

"उद्यापासून ताड बंद," ती म्हणाली आणि भांडणाला सज्ज झाली. खायचं काय, लोक काय म्हणतील, नवं वर्ष होईपर्यंत तरी थांब, हे सगळं तो म्हणणार हे तिला पाठ होतं. उत्तरंही तयार होती.

"बरं," सारौन म्हणाला.

भातात मीठ कमी आहे की जास्त यावरसुद्धा ज्याने तीस वर्षांत पहिल्या फटक्यात कधी बरं म्हटलं नव्हतं, तो स्वतःच्या हातांकडे बघत बसला होता.

"बरं काय? बोला की काहीतरी!"

"काय बोलू? तू म्हणतेस तर बंद."

यीमला रडू फुटलं. झाडावर वाटली नव्हती एवढी भीती तिला आता, जमिनीवर त्याच्याशेजारी बसल्यावर, वाटली.