क्रेफिशचं बारसं

मी म्हणजे ना, अतीच करते. लेकीनं नवी प्रजाती शोधली म्हटल्यावर गप्प बसणार होते का? अनया इथे अमेरिकेतच, मिझुरीत पीएचडी करते, क्रेफिशवर. ओढ्यातले झिंगेच म्हणा ना, फक्त नांग्या मोठ्या. तिला एका ओढ्यात केशरी नांग्यांचे सापडले. म्हणाली, नवीन निघाले तर नानांचं नाव देईन. नाना म्हणजे माझे सासरे, जगन्नाथ. त्यातलं 'निघाले तर' मी ऐकलंच नाही. मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरीच्या घरी थेट बारसं ठरवलं! पाळणा मागून आणला, त्यात क्रेफिशचा फोटो ठेवला, घुगऱ्या केल्या, अख्खं मराठी मंडळ बोलावलं.

बारशाच्या सकाळी अनया किचनमध्ये आली. "आई, डीएनएचा रिझल्ट आला. इट्स नॉट न्यू. शेजारच्या नदीतल्या जुन्याच प्रजातीशी मॅच होतोय. फक्त रंग वेगळा आहे."

"आजचा दिवस गप्प बस गं बाई," मी म्हणाले. "लोक काय म्हणतील? नाना नवा कुर्ता घालून बसलेत. उद्या सांग हवं तर."

ती घुगऱ्यांचं पातेलं उचलून बाहेर गेली. मला वाटलं, ऐकलं एकदाचं.

दुपारी माझ्या मैत्रिणीनं, संध्यानं, पाळण्याची दोरी धरली. "चल अनया, सांग नाव!" नाना अगदी पुढच्या खुर्चीत, डोळे भरलेले.

अनयानं पाळण्यातला फोटो उचलला. "सॉरी नाना. हा नवीन नाहीये. डीएनए जुळला, याला आधीच नाव आहे. तुमचं नाही देता येणार."

संध्यानं पाळण्याची दोरी सोडून दिली.

"अगं, मग आधी नाही का सांगायचं?" संध्या फणकारली. "आम्हाला कशाला बोलावलंत?"

अनयानं माझ्याकडे पाहिलं. आता ही माझं नाव घेणार. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

"काकू, आत्ताच मेल आला," ती म्हणाली. "आईला पण माहीत नव्हतं."

क्रेफिशसाठी खोटं बोलली नाही पोरगी, माझ्यासाठी बोलली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

नाना उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"सुलेखा," ते म्हणाले, "पोरीला खरं बोलायला छान शिकवलंस हो."

मला वर बघवेना.