उभ्याने चिरायची विळी

मी एक जुनी विळी आहे, पण मित्रांनो, माझ्या पाटावर पाय ठेवून कधी कोणी भाजी चिरलेली नाही. मला पाटच नाही. पाटाच्या जागी मला लोखंडी शिकंजा आहे. तो ओट्याच्या काठाला अडकवायचा, खालचा स्क्रू आवळायचा आणि उभ्या उभ्या कामाला लागायचं.

माझा जन्म मोशीत, शालनबाईंच्या जुन्या गोठ्यात झाला. गुरं गेली, गोठ्यावर पत्रा चढला आणि त्याची शेड झाली. ती शेड शुभदाने भाड्याने घेतली. त्याआधी ती आकुर्डीच्या एका कारखान्यात धातू तपासायची. शालनबाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून त्या साधी विळी ओट्यावर ठेवून चिरायच्या. एक दिवस विळी सरकली आणि त्यांचा अंगठा कापला. पट्टी बांधता बांधता शुभदा म्हणाली, "मावशी, ही सरकणार नाही अशी मी करून देते."

माझं पातं तिने लाल होईपर्यंत तापवून तेलात बुडवलं, मग पुन्हा मंद आचेवर तापवलं. नुसतं कडक पोलाद ठिसूळ असतं, दुसऱ्या तापवण्याने त्याला चिवटपणा येतो. ते तापणं मला मुळीच आवडलं नाही. पण त्याच्याच जोरावर मी शालनबाईंच्या घरी रोज मेथी, कांदे, भोपळा चिरला आणि टोकाच्या दातांनी नारळ खवला. गल्लीतल्या बायका मला बघायला येत. त्यांच्या ओट्यांवरही मी घट्ट बसले. माझं कौतुक झालं, मग शुभदाने माझ्यासारख्या पुष्कळ विळ्या केल्या.

गल्ली संपली, तशी विक्रीही संपली. बाकीच्या विळ्या फळीवर पडून राहिल्या. शालनबाईंचा मुलगा प्रीतम एकदा दारात घुटमळत म्हणाला, "ताई, राग नका मानू. दिवाळीपर्यंत थकलेल्या भाड्याचं काही जमलं तर बघा. नाहीतर शेड गोदामवाल्याला देतो. तो मागंच लागलाय राव."

शुभदाने एका मासिकाच्या मिनलताईंना मेल लिहिली. मासिकाच्या वेबसाइटवर मिनलताई दिवाळीच्या खरेदीची यादी करतात. यादीतल्या वस्तूखाली लिंक असते. त्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली, तर मासिकाला विक्रीतला थोडा वाटा मिळतो. शुभदाने पोलादाची जात, कडकपणा, पात्याचा कोन असं सगळं लिहिलं. उत्तर आलं नाही. तिने ती मेल शालनबाईंना वाचून दाखवली.

"पोलाद काय खायचं हाय व्हय त्या बाईला?" शालनबाई म्हणाल्या. "गुडघ्याचं सांग की तिला!"

मग शुभदाने एकच वाक्य पाठवलं : 'जिला खाली बसता येत नाही, तिच्यासाठी ओट्याला घट्ट धरून राहणारी विळी.' त्याच दुपारी उत्तर आलं. नमुना पाठवा, आम्ही प्रत्येक वस्तू घरी वापरून पाहतो. वापरात मुरलेली विळी दिसावी म्हणून शुभदाने शालनबाईंकडून मलाच मागून घेतलं आणि खोक्यात घातलं.

मिनलताईंचं घर रावेतला, नव्या इमारतीत. त्यांनी मला ओट्याला लावायला घेतलं, पण माझ्या शिकंज्याचा जबडा काठावर चढेचना. त्यांनी फोन केला. "शुभदाताई, तुमची विळी माझ्या ओट्यावर बसतच नाही हो."

"स्क्रू पूर्ण सोडलात का?"

"सोडला. काठच जाड आहे. आमच्याकडे सगळ्यांचे असेच आहेत. सॉरी, यादीत नाही घेता येणार."

चूक सरळ होती. शुभदाने मापं मोशीच्या एकाच गल्लीत घेतली होती. तिथे सगळे कडप्प्याचे ओटे, एका पातळ फरशीचे. नव्या घरांत ग्रॅनाइटच्या काठाला खालून दुसरी पट्टी चिकटवतात, त्यामुळे काठ दुप्पट जाड होतो.

मी मिनलताईंच्या ऑफिसातल्या कपाटात जाऊन पडले. तिथे सुगंधी मेणबत्त्या होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या. सगळे नमुने, पुन्हा कोणी हात न लावलेले. माझ्या पात्यावर गंजाचा ठिपका उठला. एवढ्यात शुभदा मला न्यायला आली. मिनलताई चकित झाल्या. "नमुना परत मागायला आजवर कोणी आलं नव्हतं."

"हिच्यात दुरुस्ती करायचीय," शुभदा म्हणाली.

मला पिशवीत घालून ती शालनबाईंसह दुचाकीवरून रावेतला गेली. फाटकावर वॉचमनने अडवलं. "मॅडम, विक्रेत्यांना बंदी आहे."

"मी विकायला नाही, मोजायला आलेय."

"आमी काय इकत न्हाई रे बाबा," मागून शालनबाई म्हणाल्या. "लोकांचं वटं मोजतोय."

वॉचमनला हसू आवरेना. त्याने फोन करून एका घरी विचारलं, त्या घराने शेजारी पाठवलं. आठवडाभर शुभदा अशीच इमारतींमधून हिंडली आणि ओटे मोजत राहिली. मग तिने माझा जबडा कापला आणि मधे तुकडा जोडून लांब केला. आवळताच तो वाकला. तिने पाठीला आधाराची पट्टी जोडली. मग मात्र तो तसूभरही हलला नाही. तिने फळीवरच्या विळ्या खाली घेतल्या.

"तयार माल कापताय?" प्रीतम ओरडला. "दिवाळी तोंडावर आलीय, ताई!"

"म्हणूनच आज कापतेय."

ती मला पुन्हा मिनलताईंच्या घरी घेऊन गेली. या वेळी मी जाड काठावर गच्च बसले. मिनलताईंनी नारळ खवला, जोर लावून मला हलवून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "आता कुठे बसणार नाही ही?"

शेडचं सगळं या एका उत्तरावर होतं.

"ज्या ओट्याखाली काठाला लागून ड्रॉवर आहे, तिथे नाही. स्क्रूला जागाच उरत नाही."

"यादी वेबसाइटवर लागलीय," मिनलताई म्हणाल्या. "पण एका वस्तूचा माल संपलाय, तिची लिंक उघडत नाही. तुमच्याकडे माल तयार आहे ना? मग ही घेते. पण ड्रॉवरचं पहिल्याच ओळीत लिहिणार. चालेल?"

"तसंच लिहा," शुभदा म्हणाली.

यादीत तसंच आलं : आधी ओटा मोजा, खाली ड्रॉवर असेल तर घेऊ नका. ज्यांनी मोजला त्यांनी मागवली, आणि परत फारशी कोणी पाठवली नाही. दिवाळीआधी गोदामवाला शेड बघायला आला, तेव्हा प्रीतम दोन्ही हातांत खोकी घेऊन दारात उभा होता.

"जागा रिकामी न्हाई, भाऊ," तो म्हणाला. "आणि जरा बाजूला व्हा, गाडी भरायचीय."

मित्रांनो, काम झालं की मला पुसून कोरडी ठेवा, ओली टाकलीत तर मी गंजते. माझ्या धारेशी खेळू नका. आणि तुमच्या घरात खाली बसताना कोणी ओट्याचा आधार घेत असेल, तर तिला काय त्रास होतो ते तिलाच विचारा. ती सांगेल. मग नुसती हळहळ करू नका, मोजपट्टी घेऊन उठा.